पासात जेवणही होतं

प्रवासाचा पास घ्यावा की नाही, हे आमच्या नातेवाइकांत मला विचारून ठरवतात. मी नाशिकरोडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. शिट्टी, वेळापत्रक आणि रांग यांवर माझा जीव आहे, आणि चांगला पास म्हणजे हे तिन्ही एकत्र. जयपूरला मी पास घेतला तेव्हा दिलीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अंगात कणकण होती. तरी शेवटचा किल्ला मी त्याला चढायला लावला, कारण तो पासात होता. म्हैसूरला मात्र मी पास काउंटरवरूनच परत ढकलला, कारण त्यातली निम्मी ठिकाणं दुकानं होती. माझा हिशेब सोपा असतो. ही ठिकाणं मी एरवीही पाहिली असती का, वाटेत थांबावंसं वाटलं तर थांबता येईल का, आणि गाडी कोणाच्या घड्याळावर चालते, एवढंच मी बघते. आजवर फारशी फसलेली नाही.

आदिलाबादला पास घेतला तो मात्र या हिशेबानं नाही. तो मी जेवणासाठी घेतला.

मुळातून सांगते. मधुरा, आमची एकुलती एक मुलगी, हैदराबादला फिजिओथेरपिस्ट आहे. तिथं तिची निखिलशी ओळख झाली. निखिल आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुडीहत्नूरचा. घरी मराठी बोलतात, आमच्यासारखंच बौद्ध कुटुंब, वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण निखिलला आदिलाबादच्या एका कॉलेजात नोकरी मिळाली, आणि लग्नानंतर गुडीहत्नूरला राहायचं, मधुरानं आदिलाबादला दवाखाना टाकायचा, असं दोघांनी आपसात ठरवून टाकलं. हैदराबाद निदान मोठं शहर. गुडीहत्नूर मला फोनवरचा नकाशा दोन बोटांनी ताणताणून शोधावं लागलं. तिथं माझ्या मुलीचं कोण आहे? बाजारात तेलुगू, दवाखान्यात तेलुगू, आणि तिला त्यातला एक शब्द येत नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मधुरा भांडली नाही. "आई, तू जाऊन बघ," एवढंच म्हणाली. "तू नाही म्हणालीस तर मी थांबेन. पण नाही म्हणताना कारण सांगावं लागेल."

दिलीपनं आधीच होकार देऊन टाकला होता. तो कशालाही हो म्हणतो. म्हणजे प्रश्न माझ्या एकटीच्या शब्दाचा होता.

आता रीतीचं. माझ्या माहेरी सोयरीक पक्की होईपर्यंत मुलाच्या घरी चहापाण्याच्या पुढं जात नाहीत. तिथं जेवलात की शब्द दिलात असं धरतात. माझी आई माझ्या मोठ्या बहिणीसाठी एका घरी गेली होती, तिथून दुपारभर बसून उपाशी उठली आणि नाक्यावर येऊन दोन प्लेट भेळ खाल्ली. बाकीच्या रिती मी कधीच सोडल्या, ही पाळते, कारण ती शहाणपणाची आहे. कोणाच्या घरी पोटभर खाऊन त्याच घराला नाही म्हणणं मला जमायचं नाही. आणि तिकडचे लोक जेवायला घातल्याशिवाय पाहुण्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, अशी पक्की बातमी माझ्याकडे होती.

आदिलाबाद

दिवाळी उलटून आठवडा झाला होता. सकाळी आदिलाबादला उतरलो तेव्हा हवेत गारवा होता आणि रस्त्यावर कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. दुकानांच्या पाट्या तेलुगूत, इंग्रजीत, जुन्या पेठेत उर्दूतही, आणि पाटीखाली बसलेला दुकानदार मात्र आपल्या गिऱ्हाइकाशी खुशाल मराठीत घासाघीस करत असतो. आमच्याकडे सकाळ म्हणजे मिसळ. इथं इडलीवर शेंगदाण्याची पातळ चटणी पळीपळीनं ओततात, नको म्हणेपर्यंत. दिलीप नको म्हणाला नाही.

पासाची पाटी मला बसस्टँडजवळच्या गल्लीत दिसली. खासगी प्रवासी कचेरी होती, भिंतीवर धबधब्यांचे मोठमोठे फोटो. पास दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी पोचेरा आणि कुंटाला हे धबधबे, मग कडेमचं धरण. दुसऱ्या दिवशी निर्मळची लाकडी खेळणी आणि गोदावरीकाठचं बासर. छोटी बस, सोबत माहिती सांगणारा माणूस, बसायची जागा ठरलेली. माझ्या नेहमीच्या हिशेबात तो काठावर पास होत होता. वाटेत थांबता येणार नव्हतं, घड्याळ पूर्णपणे त्यांचं होतं. मी परत फिरणार तेवढ्यात काउंटरवरचा गृहस्थ हिंदीत म्हणाला, "अम्मा, दोनों दिन का खाना भी पास में है."

मी तिथंच पैसे दिले. दोन्ही दिवस दुपारच्या जेवणाचं निमित्त माझ्या पर्समध्ये आलं. कोणी आग्रह केलाच तर पास काढून दाखवायचा. दिलीप म्हणाला, आधी त्यांना विचारायचं होतं, वाईट वाटेल. मी म्हटलं, वाईट वाटू नये म्हणूनच तर घेतला. माझ्या या युक्तीवर मी दिवसभर खूश होते.

गुडीहत्नूर

संध्याकाळी चहाला म्हणून गुडीहत्नूरला गेलो. हायवेला लागून गाव, हायवेवर ट्रकांचा आवाज अखंड, आणि दोन गल्ल्या आत गेलं की एकदम शांत. घर साधं, स्लॅबचं, पुढच्या खोलीत बुद्धाची मोठी तसबीर. निखिलला मी मुद्दाम येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मुलगा समोर असला की त्याच्या आईवडलांना नीट पाहता येत नाही.

जयभीम झाला, पाणी झालं. निखिलचे वडील नामदेवराव उंच, सावकाश बोलणारे. आई कमलताई ठेंगण्या, चष्म्याच्या, सारख्या आतबाहेर करणाऱ्या. आतून वांगी भाजल्याचा वास येत होता आणि भाकरी थापल्याचा आवाज. मला धोका कळला. मी चहाचा कप हातात घेतला आणि सगळं एकदम सांगून टाकलं. आमच्याकडे अशी अशी रीत आहे, त्यामुळे आज चहाच. उद्या-परवाही तुम्ही काही त्रास घेऊ नका, आम्ही पास काढलाय, त्यात जेवणही आहे. आणि पास काढून टीपॉयवर ठेवला.

नामदेवरावांनी पास उचलला, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचला आणि हसले. "पास? काऊन जी? आमी हाओत ना इथं. आमच्या गावात फिराले तुमाले पास लागते का?"

त्यांच्या हसण्यात राग नव्हता, पण मला अवघडल्यासारखं झालं. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता, कारण थापणाऱ्या शेजारीणबाई दारात येऊन ऐकत उभ्या होत्या. कमलताईंनी मात्र नवऱ्याच्या हातून पास घेतला, शांतपणे पाहिला आणि परत माझ्यासमोर ठेवला. "असन त्यायची रीत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग मला विचारलं, "ताई, ही गाडी कुंटाल्याले किती वाजता पोचते?"

मी वेळ सांगितली. त्यांनी मान हलवली आणि आणखी चहा घेणार का म्हणून विचारलं. त्या रात्री आम्ही आदिलाबादच्या हॉटेलात सांबार-भात खाल्ला. दिलीप सगळा वेळ वांग्यांबद्दल बोलत होता.

पोचेरा

दुसऱ्या दिवशीची बस अगदी वेळेवर आली, आणि माहिती सांगणाऱ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी होती. मला तो तिथंच आवडला. बसमध्ये हैदराबादचं एक मोठं कुटुंब आणि आम्ही दोघं. तो तेलुगूत बराच वेळ बोलायचा आणि मग आमच्याकडे वळून हिंदीत एका वाक्यात आटपायचा. हायवे सोडला की सागाची झाडं सुरू होतात, मधे कापसाची शेतं, बोंडं फुटून पांढरी झालेली, आणि शेताच्या कडेला सीताफळाच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. नाशिकला सीताफळ किलोनं मिळतं, इथं टोपलीनं.

पोचेऱ्याचा धबधबा फार उंच नाही, पण रुंद आहे आणि पाण्याला जोर आहे. कठड्याशी उभं राहिलं की गार शिंतोडे चष्म्यावर येतात. आम्हाला अर्धा तास दिला होता. मी चांगली जागा बघून उभी राहतेय तोच साडी नेसलेल्या, खांद्याला शाळेची पर्स लावलेल्या एक बाई गर्दीतून सरळ आमच्याकडे आल्या. "नाशिकचे पावने तुमीच का?"

या रमाताई, कमलताईंच्या चुलत बहीण, बोथच्या शाळेत शिकवतात. कमलताईंनी रात्री फोन करून आमची बस कुठल्या वेळी कुठं असेल ते सगळ्यांना कळवलं होतं. रमाताईंच्या हातात पिशवीभर सीताफळं होती. मी रीत सांगायला तोंड उघडलं, पण दिलीपनं तोवर एक फोडलंही होतं. फळ म्हणजे जेवण नव्हे, असा निकाल त्यानं तोंडात बिया घोळवत दिला. मी एकच खाल्लं, आणि इतकं गोड सीताफळ मी याआधी खाल्लेलं नाही हे कबूल करते. रमाताई आमच्याशी दिलेला अर्धा तास पुरता बोलल्या. धबधब्याकडे त्यांनी पाठ केली होती, त्यामुळे मलाही करावी लागली. मधुराचा दवाखाना कुठं असावा, कुठल्या रस्त्यावर भाडं परवडेल, हे सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. शिट्टी झाली तेव्हा त्यांनी बसमध्ये चढून आमच्या जागा कुठल्या ते पाहिलं आणि शिट्टीवाल्याला तेलुगूत काहीतरी बजावलं.

बसमध्ये मला राग आला होता. ज्या ओझ्यातून सुटायला पास घेतला ते ओझं वाटेवर येऊन उभं राहत होतं.

कुंटाला

कुंटाल्याला बस वर, झाडांत थांबते आणि धबधबा खाली दरीत आहे. पायऱ्या भरपूर. मी शिक्षिकेच्या चालीनं पुढं, दिलीप मागं. पाण्याचा आवाज आधी येतो, दिसत काहीच नाही, मग शेवटच्या वळणावर काळ्या दगडांच्या टप्प्यांवरून उतरणारं पाणी एकदम समोर येतं. नाशिककडे पावसाळ्यात उंच कड्यावरून पडणाऱ्या बारीक धारा आपण पाहतो, दिवाळीपर्यंत त्या आटतातही. हा धबधबा वेगळा आहे. अंगानं दांडगा, आणि पाऊस जाऊन इतके दिवस झाले तरी भरलेला. मी खूप वेळ पाहत उभी राहिले. पाहून झाल्यावर मागं वळले तर दिलीप एका ओल्या दगडावर बसला होता आणि घोटा धरून हसत होता. तो दुखल्यावर हसतो, हे मला लग्नानंतर कळायला बरीच वर्षं लागली.

घोटा मुरगळला होता. बसमधल्या हैदराबादच्या दोन पुरुषांनी त्याला दोन्हीकडून धरून वर आणलं. सगळ्यात शेवटी आम्ही पोचलो. कार्तिक सुरू होता. या भागात कार्तिकात लोक घरची मंडळी घेऊन रानात येतात, झाडाखाली चूल मांडून शिजवतात आणि तिथंच जेवतात. वनभोजन म्हणतात. वर त्या सागाच्या झाडांखाली ठिकठिकाणी धूर निघत होता. त्यातल्या एका झाडाखाली तीन दगडांच्या चुलीशेजारी कमलताई बसल्या होत्या. नामदेवराव काटक्या मोडत होते.

दोघं सकाळीच नेरडीगोंड्यापर्यंत सरकारी बसनं आणि पुढं ऑटोनं आले होते. दिलीपला लंगडताना पाहून कमलताई उठल्या. त्यांनी शेजारच्या चुलीवरच्या बाईला तेलुगूत काही सांगितलं, तिनं लगेच वाटीत तेल-हळद गरम करून दिली, आणि कमलताईंनी दिलीपचा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. तो लाजून लाल झाला. मी काही म्हणायच्या आत लेप लागला, वर नामदेवरावांच्या टॉवेलचा पट्टा बांधला गेला, आणि हैदराबादच्या मंडळींनीही येऊन सल्ले दिले.

मग शिट्टी झाली. शिट्टीवाला माणूस आमच्यापर्यंत आला, पाय पाहिला, हळहळला. म्हणाला, साहेबांना बसमध्ये आरामात बसवू, हॉटेलात जेवण तयार आहे, धरण खिडकीतून दिसेल. त्याचं काही चुकत नव्हतं. पासात बस थांबणार नव्हती आणि बाकीची मंडळी भुकेली होती. मी दिलीपकडे पाहिलं. "मी उठणार नाही," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो मला नाही म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं. त्यानं ही वेळ बरी निवडली. मी शिट्टीवाल्याला म्हटलं, तुम्ही निघा.

इथं पासाबद्दल माझं मत सांगून टाकते, कारण तुमच्यापैकी काही जण त्यासाठीच हे वाचत असतील. पास चांगला आहे. बस स्वच्छ आहे, माणसं सभ्य आहेत, वेळ पाळतात. बासरचा दुसरा दिवस मी सोडला नाही, दिलीपचा पाय सुजला म्हणून एकटीच जाऊन आले. देवळाच्या रांगेत मी उभी राहिले नाही, घाटावर बसून गोदावरी पाहिली. आमच्या रामकुंडावर जिला पोरं उड्या मारून ओलांडतात, ती तिथवर पोचेपर्यंत इतकी रुंद होते की पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही. त्या एका दृश्यातच पास वसूल झाला. आदिलाबादमध्ये तुमच्या ओळखीचं कोणी नसेल तर डोळे मिटून घ्या. कोणी असेल तर आधी त्यांना विचारा.

तर बस गेली. तिच्याबरोबर माझं जेवणही गेलं, आणि समोर चूल पेटली होती. मी बसायच्या आधीच म्हणाले, "कमलताई, रागावू नका, पण मी काल सांगितलं होतं."

"हाव, सांगतलं होतं ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तं मी घरून काई रांधून आणलं नाही." आणि त्यांनी पिशवी माझ्यापुढं उपडी केली. ज्वारीचं पीठ, चार वांगी, हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, मीठ, तेलाची छोटी बाटली. परात, तवा, ताटं. शिजवलेलं काहीच नाही. "तुमी करा. तुमच्या हातचं तुमाले चालते ना?"

मी म्हटलं, पण पीठ तर तुमचं आहे. यावर नामदेवराव काटकी मोडायची थांबले आणि तहसील कचेरीत निकाल द्यावा तसे बोलले. "पीठ कोणाचं, याची नोंद राहत नाही जी. हात कोणाचा, थे पाह्यतात."

आणि ते खरंच होतं. माझ्या आईलाही कोणी विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं. मी पदर खोचला आणि चुलीसमोर बसले. आता, मी पोळ्या करणारी बाई. भाकरी आमच्याकडे हिवाळ्यात, बाजरीची, तीही गॅसवर. ज्वारीला कढत पाणी लागतं हे ठाऊक होतं, किती ते ठाऊक नव्हतं. पहिली भाकरी परातीतून उचलताना तिचे दोन तुकडे झाले. दिलीप बघत होता, म्हणून मी दोन्ही तुकडे तव्यावर टाकले आणि तशीच पद्धत असल्यासारखा चेहरा केला. कमलताई शेजारी बसून वांगी निखाऱ्यात फिरवण्याबद्दल दोन सूचना करून गप्प राहिल्या. हात लावायचा त्यांना फार मोह होत असणार, पण दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले होते.

काम करता करता मी जे विचारायला आले होते ते विचारून टाकलं. माझी मुलगी इथं आली, आजारी पडली, निखिल कॉलेजात असला, तर ती कोणाला काय सांगेल? तिला इथली भाषा येत नाही.

काळजी करू नका, असं कमलताई म्हणाल्या नाहीत. त्या स्वतःचंच सांगू लागल्या. त्यांचं माहेर पुसदचं. लग्न झालं आणि नामदेवरावांची बदली लक्षेटीपेटला झाली, खाली गोदावरीकाठी, जिथं घरंदारं सगळी तेलुगू. "मले ताप आला. हे दौऱ्यावर. मी शेजारणीच्या दारात जाऊन उभी राह्यली, मले बोलताच नाही आलं. तिले वाटलं मी काई मागाले आली. तिनं वाटीभर तांदूळ देल्ले. मी तांदूळ घेऊन घरी आली आन लय रडली." त्यांनी एक वांगं पालटायला सांगितलं. "कोणी नाही आलं तवा. खोटं काऊन बोलू? म्हणून मी आता जाते. कोणाची नवी पोरगी या बाजूले आली का जाते. आमची रमा जाते. तुमच्या पोरीले पह्यल्या दिवसापासून आमी तेलुगू शिकवू, पण तवापर्यंत तिले दारात उभं राहावं नाही लागणार."

मी वांग्याची सालं काढत होते, ती काढतच राहिले. माझी मुलगी परक्या दारात वाटी हातात घेऊन उभी आहे, हेच चित्र मी कित्येक महिने मनात बाळगून होते आणि कोणापाशी नीट बोलू शकले नव्हते. ते या बाईंच्या बाबतीत खरोखर घडलं होतं. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

भरीत झालं. मिरच्या-शेंगदाण्याचा ठेचा दगडावर वाटला. भाकऱ्या जाड, कडेला फाटलेल्या, एक जरा करपलेली. मी आधी त्यांना दोघांना वाढलं. नामदेवराव मुकाट जेवले, दुसऱ्यांदा मागून घेतलं. कमलताईंनी माझी करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात ओढून घेतली आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मग हात धुऊन, पदराला पुसून माझ्यासमोर बसल्या.

"आमी जेवलो जी तुमच्या हातचं," त्या म्हणाल्या. "तुमच्या रीतीनं आमचा शब्द झाला. तुमचा तुमच्यापाशी राहू द्या. घरी जा, फुरसतीनं इचार करा. नाही म्हणाल तरी आमाले राग नाही."

आदल्या संध्याकाळी त्या माझा पास हातात घेऊन पाहत होत्या तेव्हाच त्यांनी हे सगळं ठरवलं असणार. मी पाहुणचारात अडकू नये म्हणून युक्त्या करत होते, आणि यांनी इतक्या दूर पीठ वाहून आणलं होतं ते मी मोकळी राहावी म्हणून. शब्द आधी त्यांनी दिला होता, माझ्याकडून काहीही न घेता. मला माझ्या हुशारीची लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. मुलीला नाही म्हणायला कारण लागणार होतं, आणि माझ्याकडे एकही उरलं नव्हतं.

दिलीप ताट पुढं करून बसला होता. मी त्याला थांब म्हटलं. परातीत अजून दोन-तीन भाकऱ्यांचं पीठ शिल्लक होतं. ती परात मी उचलली आणि कमलताईंच्या पुढ्यात ठेवली.

"आता तुम्ही थापा," मी म्हणाले. "मला भूक लागली आहे."

नामदेवराव उठता उठता परत खाली बसले. कमलताईंनी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इचार करून बोलून राह्यल्या ना ताई?"

मी म्हटलं, पूर्ण.

त्यांनी बांगड्या मागं सारल्या, पिठात कढत पाणी ओतलं. त्यांचा हात परातीत गोल फिरू लागला तेव्हा पीठ जागच्या जागी वळत मोठं होत गेलं, कडा कुठं फाटली नाही. भाकरी तव्यावर टम्म फुगली. ती त्यांनी माझ्या ताटात ठेवली, वर भरीत घातलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"जेवा, विहीणबाई," त्या म्हणाल्या.